पंख्याची कुरकुर आणि यंत्राचा ताप

कला शाखेच्या विद्यार्थिनीने संगणकाच्या पंख्यांवर लेख लिहावा हा अव्यापारेषु व्यापार आहे, हे मला मान्य आहे. संपादक मंडळातील बाईंनी ‘ओवीतल्या उपमा’ असा विषय सुचवलाही होता. पण गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी जी झटापट झाली तिच्यातून मला जे कळले ते सांगितल्यावाचून राहवत नाही. शिवाय चौकशीअंती असे समजले की आमच्या वर्गातल्या निदान सात-आठ जणांकडे असा खेळांचा संगणक आहे आणि त्या प्रत्येक घरात त्याच्या आवाजावरून कुरबूर आहे. तेव्हा हा विषय अगदीच परका म्हणता येणार नाही.

आमचे घर सोलापुरात, दोन खोल्यांचे. अप्पा यंत्रमागावर टॉवेल विणतात, बहुतेक महिने रात्रपाळी. सकाळी आठच्या सुमारास येतात, चहा-भाकरी घेतात आणि बाहेरच्या खोलीत बाजेवर आडवे होतात. त्याच खोलीत, बाजेपासून चार हातांवर, धाकट्याचा संगणक आहे. बारावीनंतर एका झेरॉक्सच्या दुकानात वर्षभर काम करून त्याने पैसे साठवले, कमी पडले ते अप्पांच्या दिवाळीच्या बोनसातून घातले. थंडीत सारे ठीक चालले होते. एप्रिल उजाडला, कॉलेजला सुट्टी लागली, आणि धाकटा सकाळी दहा वाजता खेळायला बसू लागला. पाच मिनिटांत यंत्रातून असा घरघराट सुरू होई की अप्पांनी एकदा उशी डोक्यावर घेतली, एकदा उठून स्वयंपाकघरात जाऊन झोपले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, “मागाचा आवाज मला पगार देतोय. ह्याचा आवाज काय देतोय सांग की. पंधरा दिवसांत गप कर, न्हाईतर विकून टाक.”

अप्पा फार बोलत नाहीत, त्यामुळे बोललेले मागे घेत नाहीत. धाकट्याचा चेहरा उतरला. मलाही चिंता होती, कारण माझा प्रकल्प त्याच संगणकावर टंकला जात होता.

धाकट्याने पहिला उपाय केला तो बहुतेक सगळेच करतात. त्याने यंत्राच्या पेटीला आजीची गोधडी गुंडाळली. आवाज क्षणभर दबला. दहा मिनिटांनी तो गोधडीतूनही ऐकू येऊ लागला, आणि विसाव्या मिनिटाला पडदा काळा होऊन यंत्र आपोआप बंद पडले. अंगात ताप असलेल्या माणसाला घाम फुटला म्हणून त्याचे घर्मरंध्र बुजवावे तशातला हा प्रकार झाला. आवाज हा रोग नव्हता. पंखे ओरडत होते कारण आत उष्णता कोंडत होती, आणि आम्ही ती आणखी कोंडली.

मग मी जरा वाचू लागले. पहिली गोष्ट कळली ती अशी की संगणक विजेचे जवळजवळ काहीच ‘करत’ नाही. मिक्सर वाटतो, माग विणतो. संगणकात शिरलेली वीज मात्र आकडेमोड आटोपून जवळपास सगळीच्या सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. आमच्या यंत्रात दोन तापट मंडळी आहेत. एक प्रोसेसर, रायझन ५ ५६००, हा ६५ वॅटचा म्हणून विकला जातो, भर कामात थोडे जास्तच घेतो. दुसरे ग्राफिक्स कार्ड, आर.टी.एक्स. ३०६०, याची मागणी १७० वॅटची. बाकीचे भाग आणि वीज रूपांतरातली गळती धरली की खेळ चालू असताना यंत्र सुमारे ३०० वॅट ओढते. स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता सोडतो. म्हणजे धाकटा खेळायला बसला की दहा बाय बाराच्या खोलीत तीन अदृश्य पाहुणे येऊन बसतात आणि तो उठेपर्यंत हलत नाहीत.

पंख्यांविषयीचा एक गैरसमज येथेच दूर केला पाहिजे. पंखा उष्णता नाहीशी करत नाही, तिची जागा बदलतो. धातूच्या पातळ पापुद्र्यांतून हवा ढकलून तो पेटीतली उष्णता खोलीत टाकतो. म्हणून कितीही महाग शीतक आणले, अगदी नळ्यांतून पाणी खेळवणारे आणले, तरी खोलीत येणारे ३०० वॅट तेवढेच राहतात. आणि पंखा कोणत्याही भागाला खोलीतल्या हवेपेक्षा गार करू शकत नाही. ठरावीक कामाला, ठरावीक वाऱ्याला, खोलीचे तापमान अधिक ठरावीक अंश, असा हिशेब असतो. डिसेंबरात खोली २५ अंशांवर असताना जो प्रोसेसर ७५ वर राहत होता, तो मे महिन्यात खोली ३८ वर गेली की त्याच वाऱ्यात ८८ वर जाणार. आमच्या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९० अंशांची आहे, त्यापुढे तो स्वतःच वेग कमी करतो आणि फारच झाले तर यंत्र बंद पडते. तिथे पोचू नये म्हणून पंखे जिवाच्या आकांताने फिरतात. एप्रिलमध्येच का ओरडायला लागला याचे उत्तर हे. यंत्र बिघडले नव्हते, उन्हाळा आला होता.

हा ताप संगणकाच्या जन्मापासूनचा आहे. १९४६ साली फिलाडेल्फियात लोकांपुढे आलेल्या एनिॲकमध्ये सुमारे १८ हजार व्हॉल्व्ह होते, तो सुमारे १५० किलोवॅट वीज घेई आणि त्याला गार ठेवायला मोठाले पंखे लागत. १९८५ च्या क्रे-२ या महासंगणकाचे तर भाग चक्क एका वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवून ठेवले होते. घरगुती संगणक त्या मानाने थंड प्रकृतीचे निपजले. १९९० च्या आसपासच्या कित्येक प्रोसेसरांच्या डोक्यावर पंखाच नसे. रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडलेला हिशेब असा होता की ट्रान्झिस्टर लहान करत गेले आणि त्यांचा विजेचा दाबही त्या प्रमाणात उतरवला, तर तेवढ्याच जागेतली उष्णता वाढत नाही. तीस वर्षे ही युक्ती चालली. पण दाब एका मर्यादेखाली उतरेना, गळती वाढली, आणि २००५ च्या सुमारास गणित कोलमडले. २००४ मध्ये इंटेलने आपला एक येऊ घातलेला प्रोसेसर मोडीत काढला, त्याचे एक मुख्य कारण उष्णता हेच होते. ग्राफिक्स कार्डांची कथा अधिक मौजेची आहे. एन्व्हिडियाच्या २००३ मधल्या एफ.एक्स. ५८०० अल्ट्रा या कार्डाचा पंखा इतका कर्कश होता की जगभर त्याची टवाळी झाली, आणि शेवटी कंपनीनेच स्वतःची थट्टा करणारी चित्रफीत काढली. ती थट्टा झाली, पण वॅट काही उतरले नाहीत. २०२५ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या त्याच कंपनीच्या सर्वांत मोठ्या घरगुती कार्डाची मागणी ५७५ वॅट आहे. आमच्या तीन पाहुण्यांऐवजी त्या कार्डाचे एकट्याचे जवळजवळ सहा.

आता आवाजाकडे वळू. आवाज डेसिबलमध्ये मोजतात आणि हे माप सरळ रेषेत चढत नाही. ध्वनीची शक्ती दहापट झाली की आकडा फक्त १० ने वाढतो, आणि कानाला तो आवाज साधारण दुप्पट वाटतो. तशाच आवाजाचा दुसरा पंखा शेजारी लावला तर आकडा ३ ने वाढतो. हे पाठ असले की पंख्याचे गणित फार गमतीचे दिसते. पंख्याचा वेग अर्धा केला की हवा अर्धी होते, त्याला लागणारी वीज आठव्या हिश्शावर येते आणि आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. मग त्या एका पंख्याऐवजी अर्ध्या वेगाचे दोन लावले तर? हवा पुन्हा पूर्वीइतकी, आवाज १५ उणे ३, म्हणजे १२ डेसिबल कमी. एक माणूस धावत दोन घागरी आणतो त्याऐवजी दोघांनी चालत एकेक आणावी, घागरी तेवढ्याच पण धाप नाही. ही सारी किंमत हवेची वाट मोकळी असेल तरच वसूल होते, हे मात्र ध्यानात ठेवावे. वाट बुजलेली असली की संथ पंखे नुसते हवा घुसळत बसतात.

दुसरे, आवाजाची जात. सात पात्यांचा लहान पंखा मिनिटाला २४०० फेरे घेतो तेव्हा दर सेकंदाला २८० वेळा पाते एका जागेवरून जाते, त्याचा एक स्वर उमटतो. तेवढ्याच पात्यांचा मोठा पंखा ९०० फेऱ्यांवर तेच काम करतो तेव्हा हा आकडा १०५ होतो. हा खर्जातला आवाज हवेच्या सळसळीत विरून जातो, पहिला कानात टोचतो. तिसरे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आवाजाचे चढउतार. अप्पा छताच्या पंख्याखाली निवांत झोपतात आणि तो पंखा काही मुका नाही. कान एकसारख्या आवाजाला सरावतात, तंबोऱ्याने कुणाची झोप मोडत नाही. संगणकाचा पंखा मात्र क्षणात चढतो, क्षणात उतरतो, पुन्हा चढतो. प्रत्येक चढ म्हणजे झोपलेल्या माणसाला नवी हाक. म्हणून आम्ही आमचे ध्येय थोडे खाली आणले. यंत्र निःशब्द करायचे नाही, छताच्या पंख्याच्या आवाजाखाली ते लपेल एवढेच करायचे.

सुरुवात कोठून करावी यावर आमचा वाद झाला. धाकटा नवे पंखे आणायला निघाला होता. मी म्हटले, आधी पाहुणे कमी कर, मग त्यांची उठबस बघू. हा मुद्दा मी अजूनही सोडणार नाही, कारण याला एक पैसा पडला नाही आणि निम्मे काम यानेच झाले.

खेळात पडद्यावर दर सेकंदाला अनेक चित्रे येतात. आमचा पडदा सेकंदाला ७५ चित्रेच दाखवू शकतो. पण ग्राफिक्स कार्डाला कुणी थांबवले नाही तर ते बिचारे १४०-१५० काढत राहते. पंगतीत पाऊणशे पाने मांडलेली आणि आत आचारी दीडशे पोळ्या लाटतोय, त्या उरलेल्या पोळ्या कुणाच्याच पानात पडत नाहीत, चूल मात्र पेटलेली. खेळाच्या मांडणीत चित्रांची मर्यादा ७५ वर बांधून ठेवली की हलक्या खेळांत कार्डाची मागणी निम्म्यावरही येते. विशेषतः खेळ सुरू होण्यापूर्वीच्या निवड-पाटीवर, जिथे काहीच घडत नसते, तिथे कार्ड शेकडो चित्रे काढत उगाच तापते.

यापुढची पायरी विजेचा दाब कमी करण्याची. चिपमध्ये जळणारी वीज दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते आणि वेगाच्या साध्या प्रमाणात. म्हणजे वेग तोच ठेवून दाब १.०५ व्होल्टवरून ०.९० वर आणला तर हिशेबाने मागणी सव्वीस टक्क्यांनी घटते. कारखाना दाब थोडा वाढवून ठेवतो, कारण लाखो चिपांतली सर्वांत अशक्त चिपही त्यावर चालली पाहिजे. तुमच्या वाट्याला आलेली सहसा इतकी अशक्त नसते. आफ्टरबर्नर नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममधून धाकट्याने दाब एकेक पायरी उतरवला, दर वेळी अर्धा तास खेळून पाहिले. (या संशोधनात त्याने दाखवलेली चिकाटी बारावीच्या अभ्यासात दिसली नव्हती, असे आईचे म्हणणे.) दाब फार उतरला की खेळ मधेच कोसळतो, मग एक पायरी वर यायचे. यात चिपला इजा होत नाही. दाब वाढवण्यात होऊ शकते, तेव्हा त्या वाटेला जाऊ नये. ज्यांना एवढे जमणार नाही त्यांनी त्याच प्रोग्रॅममधली मागणीची मर्यादा १०० वरून ८० टक्क्यांवर ओढावी, वेगातली घट डोळ्याला क्वचितच कळते. आमचे कार्ड १७० वरून १२५-१३० च्या घरात आले. एक पाहुणा गेला नसला तरी अर्धा उठला.

मग हवेची वाट. एक सोपी परीक्षा सांगते. खेळ चालू ठेवून पेटीचे बाजूचे झाकण काढायचे आणि दहा मिनिटांनी तापमान पाहायचे. ते दोन-तीन अंशांनीच उतरले तर वाट ठीक आहे. आमचे अकरा अंशांनी उतरले. म्हणजे पेटी म्हणजे कोठी झाली होती. कारणे तीन निघाली. पेटीच्या तोंडाला शोभेची काच होती, तिच्या कडेने बोटभर फट, आणि समोरच्या दोन पंख्यांनी त्या फटीतून श्वास घ्यायचा. रंगीत दिव्यांसाठी लोक अशा पेट्या घेतात, धाकट्यानेही त्यासाठीच घेतली होती. दुसरे कारण उदबत्तीने शोधले. धूर कुठे जातो ते पाहण्यासाठी आईने देवापुढची उदबत्ती दिली. समोर धूर आत ओढला जात होता, ते बरोबर. मागच्या बाजूलाही तो आतच ओढला जात होता! जोडणी करणाऱ्या दुकानदाराने मागचा पंखा उलटा बसवला होता. दुकानाचे नाव सांगत नाही, माणूस गरीब आहे. म्हणजे चार महिने तीनही पंखे हवा आत कोंबत होते आणि बाहेर जायला नेमलेली वाट नव्हती. पंख्याची दिशा ओळखायची खूण सोपी आहे: ज्या बाजूला चौकटीच्या आडव्या दांड्या दिसतात त्या बाजूने हवा बाहेर पडते. चार स्क्रू काढले, पंखा फिरवला, चार स्क्रू लावले.

काचेच्या जागी धाकट्याने ओळखीच्या सुताराकडून लाकडी चौकट करून घेतली आणि तिला खिडकीला डासांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी ठोकली. दिसायला ती चौकट कोंबड्यांच्या खुराड्यासारखी दिसते. पण हवा तिच्यातून मोकळी जाते आणि धूळ अडते. समोरून दोन पंखे आत, मागून एक बाहेर अशी रचना असली की आत हवेचा दाब किंचित जास्त राहतो आणि फटींतून धूळ न येता हवाच बाहेर पडते.

धूळ हे तिसरे कारण. आमच्या घरी अप्पांच्या कपड्यांबरोबर टॉवेलचे कापूस-तंतू रोज येतात. प्रोसेसरच्या शीतकावर त्यांची अक्षरशः गादी बसली होती, तिच्या खाली पापुद्रे दिसतच नव्हते. रंगाचा नवा, कोरडा ब्रश घेऊन ती काढली. येथे दोन सूचना. वायर भिंतीतून काढल्याशिवाय पेटीला हात लावू नये आणि पंख्यावर जोरात हवा मारताना पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर ती भलत्याच वेगाने फिरून पंख्याचे बेअरिंग खराब होते. वीजपुरवठ्याची जी बंद डबी असते ती मात्र उघडूच नये. वायर काढल्यावरही तिच्यात वीज साठून राहते.

एवढे झाल्यावर मग पैसे खर्च करायचे ठरले. प्रोसेसरबरोबर जे बुटके शीतक फुकट मिळते त्याचा लहान पंखा मिनिटाला अडीच हजारांवर फेरे घेत होता, टोचणारा आवाज मुख्यतः त्याचा. त्याऐवजी उंच मनोऱ्यासारखे, १२० मिलिमीटर पंख्याचे शीतक दोन हजारांच्या आत मिळाले. त्यातून तांब्याच्या चार नळ्या वर जातात. मला वाटले होते त्या भरीव असतील. त्या पोकळ असतात, आत थेंबभर पाणी आणि अगदी कमी दाब. कमी दाबामुळे ते पाणी थोड्या उष्णतेनेही उकळते, वाफ वरच्या गार टोकाकडे जाते, तिथे पुन्हा थेंब होतात आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून झिरपत खाली येतात. झाकण ठेवलेल्या पातेल्यात वर थेंब जमतात तोच प्रकार, फक्त रात्रंदिवस चालणारा आणि कशाचीही भर न घालावी लागणारा. अमेरिकेतल्या लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये ही नळी सिद्ध केली. पुढे तिचा उपयोग अंतराळयानांतही झाला. आज ती आमच्या बाजेशेजारी आहे.

जुने शीतक काढताना मात्र आमची गाळण उडाली. दोहोंच्या मध्ये थर्मल पेस्ट नावाचा राखाडी मलम असतो. धातूचे पृष्ठ डोळ्याला गुळगुळीत दिसले तरी त्यात सूक्ष्म खाचा असतात, खाचांत हवा, आणि हवा उष्णतेची फार वाईट वाहक. मलम त्या खाचा भरतो. तो जुना झाला की डिंकासारखा धरतो. धाकट्याने शीतक सरळ वर ओढले आणि प्रोसेसर खिट्टी न उघडताच त्याला चिकटून सॉकेटातून उपटून बाहेर आला, खाली शेकडो केसांएवढ्या पिना लोंबतायत! नशिबाने एकही वाकली नव्हती. योग्य रीत अशी की आधी दहा मिनिटे खेळ चालवून मलम कोमट करावा, यंत्र बंद करावे, आणि मग शीतक हळूहळू डावी-उजवीकडे पिळत सोडवावे. नवा मलम वाटाण्याएवढा पुरे. गिलावा करायचा नाही.

शेवटी पंख्यांना वळण लावले. यंत्राच्या मूळ मांडणीत, ज्याला बायॉस म्हणतात, कोणत्या तापमानाला पंखा किती फिरावा हे ठरवता येते. चार पिनांच्या पंख्याला हा हुकूम बारकाईने पाळता येतो. प्रोसेसरचे तापमान नुसते एक पान उघडले तरी क्षणभर उसळते आणि पंखा लगेच मागे धावतो, धापा टाकण्याचा जो आवाज आपण ऐकतो तो हाच. आम्ही ६५ अंशांपर्यंत पंखा एकाच संथ वेगावर बांधला, पुढची चढण सावकाश ठेवली, आणि तापमान बदलल्यावर काही सेकंद थांबून मगच वेग बदल, अशी तजवीज केली. धातूच्या त्या मनोऱ्याला तापायला वेळ लागतोच, तेव्हा पंख्याने घाई करण्याचे काही कारण नसते.

मधल्या काळात घरातला कूलर यंत्रासमोर लावून पाहण्याचाही प्रयोग झाला. तापमान उतरले, पण कूलरचा आवाज यंत्रापेक्षा मोठा, आणि ओलसर वारा विजेच्या यंत्रावर रोज मारणे शहाणपणाचे नव्हते. पाण्याच्या नळ्यांचे शीतक आम्ही घेतले नाही. आमच्या प्रोसेसरला त्याची गरज नाही, शिवाय त्यात पंप हा आणखी एक बोलका गडी येतो.

हिशेब असा झाला. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, खोली ३८ अंशांवर असताना, तोच खेळ, तेवढाच वेळ: प्रोसेसर ८९ वरून ७४ वर आला, ग्राफिक्स कार्ड ८३ वरून ७१ वर. आवाज मोबाइलवरच्या मापकाने, यंत्रापासून हातभर अंतरावर, छताचा पंखा बंद करून मोजला. आधी ५१ होता, मग ३८. मोबाइलचे माप काही प्रयोगशाळेचे नव्हे, पण आधीचे आणि नंतरचे त्याच मोबाइलने मोजलेले आहे, तेव्हा फरकावर विश्वास ठेवायला हरकत नाही. निवासी भागासाठी सरकारने २००० सालच्या नियमांत रात्रीची मर्यादा ४५ ठेवली आहे, तिच्याखाली आम्ही आलो. एकूण खर्च शीतक, मलम, चौकट आणि जाळी धरून अडीच हजारांच्या आत. खोली मात्र तापतेच. अडीच पाहुणे अजून येतात, त्याला खिडकी उघडी ठेवण्यावाचून इलाज नाही.

पंधरवडा संपला त्या दिवशी अप्पा आले, जेवले, झोपले. धाकटा मुद्दाम खेळायला बसला. मी पुस्तक उघडून बाजेकडे पाहत होते. तासाभराने कूस बदलून अप्पा म्हणाले, “विकलास काय रे?” आणि उत्तराची वाट न पाहता पुन्हा घोरू लागले.

एक आवाज मात्र राहून गेला आहे. कार्डातल्या तारेच्या वेटोळ्यांतून वीज वेगाने कमी-जास्त होते तेव्हा ती वेटोळी थरथरतात आणि एक बारीक, उंच शीळ निघते. चित्रांची मर्यादा बांधल्यावर ती कमी झाली, गेली नाही. तिचा पंख्याशी संबंध नसल्याने पंख्याच्या कोणत्याही उपायाने ती जाणार नाही. ही शीळ अप्पांना झोपू देणार नाही म्हणून धाकटा काळजीत होता, तेव्हा मी त्यांना विचारले, “अप्पा, ही शीळ ऐकू येते का?” त्यांनी मान तिरकी करून, यंत्राजवळ कान नेऊन ऐकले. “कुठली शीळ?” म्हणाले. मागांच्या शेडमधला आवाज ९० डेसिबलच्या वर असतो. असा आवाज वर्षानुवर्षे सोसलेल्या कानांतून आधी ४००० कंपनांच्या आसपासचे उंच स्वर जातात, हे मला या लेखासाठी वाचता वाचता कळले. अप्पांची मागावर अठ्ठावीस वर्षे झाली. ती शीळ मला ऐकू येते, धाकट्याला येते.